तिच्या ओळखीचा पत्ता

मला राग येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचता वाचता कोणी म्हणू नये की म्हातारा चिडका दिसतो. आहेच मी चिडका. बायको गेली की माणूस नरम पडतो म्हणतात. मी नाही पडलो. सकाळी उठलो की चहा स्वतः करावा लागतो याचा राग येतो, तो तिच्यासारखा होत नाही याचा येतो, आणि कोणी आयता करून हातात दिला तर त्याचा अजून जास्त येतो. पण या सगळ्या रागांत एक राग असा आहे की त्याचं तोंड कोणाकडे करावं हेच मला कळत नव्हतं. तेवढ्यासाठी लिहून राहिलो.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझी पिठाची गिरणी. खाली गिरणी, वर आम्ही दोघं राहायचो. मशीन मी चालवायचो, पण गिरणी तिची होती. ती दारातल्या बाकावर बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून आधी आत नाक घालायची. कुबट वास आला की डबा परत. बाई कितीही मोठ्या घरची असो, तिच्या तोंडावर सांगायची, "याले आधी उन्ह दाखवा, मंग आना." लोकांना राग यायचा. मलाही यायचा, गिऱ्हाईक तुटतं म्हणून. पण दगड एकच असतो ना. एकाचं सडकं धान्य आत गेलं की मागून येणाऱ्याचं चांगलं पीठही कडू होतं. मागचा माणूस काही न करता मार खातो.

कोणामागे कोणाचं दळायचं हेही तीच ठरवायची. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. उपासाची भगर असली तर मशीन आधी झाडून, पुसून. कळण्याच्या भाकरीची ज्वारी-उडीद सगळ्यात शेवटी, कारण उडदाचा वास दगडाला धरून बसतो. कोणाला जाड पाहिजे, कोणाला बारीक, हे सगळं तिच्या डोक्यात. लिहायचा तिला माझ्यासारखाच कंटाळा. मग लेकीनं फोन आणून दिला आणि शिकवलं, की हे लाल बटण दाबायचं आणि बोलायचं, तो ध्यानात ठेवतो. तेव्हापासून ती दिवसभर फोनशी बोलायची. मशीन चालू असली की मला काही ऐकू यायचं नाही. तसाही माझा एक कान गिरणीनं खाल्ला आहे. तिचे ओठ हलताना दिसायचे.

लेक अमरावतीला दिली. तिला आमची काळजी, म्हणून तिनं गिरणीत कॅमेरा बसवला. आमच्या गल्लीतला नेटवाला म्हणाला, "काकाजी, बाहेरगावाहून कॅमेरा पाहाचा असंन तं स्टॅटिक आयपी घ्या लागते. म्हंजे तुमच्या गिरणीच्या नेटाले कायमचा एकच नंबर. बाकीच्याइचा बदलत राह्यते, तुमचा बदलनार नाही." मला त्यातलं काही कळलं नाही. लेक म्हणते तर घे, म्हटलं. कॅमेऱ्यात चित्र यायचं, आवाज यायचा नाही. तरी बायको रोज दुपारी कॅमेऱ्याकडे मान वर करून लेकीला घरच्या गोष्टी सांगायची. "अवं, त्याले कान नाहीत," मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुमाले तरी कुठी हाईत?"

ती श्रावणाच्या तोंडावर गेली. कशी गेली ते मी लिहिणार नाही. सगळ्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली.

तेरवीच्या दिवशी आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं गादी, छत्री, चपला, तांब्या असं गुरुजींना देतात. सामान मांडून झालं, आणि माझी थोरली वहिनी उभी राहिली. "तिचा जीव कशात होता?" म्हणे. "फोनात होता. तो नाही देला तं ती घरात घुटमळत राहीन." मी म्हटलं, "राहू दे घुटमळत. माझं काय जाते?" माझं कोण ऐकतं? बाया रडायला लागल्या, वहिनीनं डोळे वटारले, जावयानं आतलं सगळं पुसून फोन कोरा करून दिला, आणि तो गादीवर छत्रीच्या बाजूला ठेवला गेला. त्यातलं तिचं सिमकार्ड तेवढं काढून माझ्या फोनात घातलं. लेक रडत म्हणाली, "बाबा, फोन गेला तरी काई नाई जात. आईचं सारं खात्यात असते."

मग मी गिरणीला कुलूप घातलं. गल्लीत पाय ठेवला की प्रत्येकजण विचारणार, कसं झालं, केव्हा झालं, जेवले का. मला कोणी ओळखू नये असं वाटत होतं. नेटवाल्याला सांगितलं, महिना संपला की लाइन काप, आणि लेकीकडे अमरावतीला निघून आलो. मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर. शेजारचा माणूस लिफ्टमध्ये माझ्याकडे पाहतही नव्हता. मला ते बरं वाटलं.

बरं वाटायचं थोडेच दिवस टिकलं. एका सकाळी दाढी करता करता मला तिचं नेहमीचं वाक्य आठवलं, आणि आवाज आठवेना. वाक्य आलं, आवाज आला नाही. साबण वाळला तोंडावर. मी लेकीच्या लग्नाची कॅसेट काढायला लावली, आता ती संगणकात असते. त्यात बायको चारदा दिसते आणि चारही वेळा तोंडावर पदर. वर बँडबाजा. कुठेच बोलत नाही. लेकीच्या फोनात पाहिलं, तर त्या दोघी सरळ फोनच लावायच्या, साठवून ठेवलेलं काही नाही.

"ती दिवसभर फोनात बोलत राहे, ते सारं खात्यात हाय म्हनली होतीस ना?" मी म्हटलं. "काढ."

लेक बसली. खात्याचं नाव तिला माहीत, गुपित शब्द तिनंच ठेवलेला. तिच्या कार्डामुळे माझ्याच फोनवर खात्रीचा नंबर आला, तोही बरोबर टाकला. आणि पडद्यावर आलं की हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही.

"माझी बायको हाय," मी पडद्याला म्हटलं.

जावई आतून आला. तो कुठल्या तरी परदेशातल्या कंपनीचं काम घरूनच करतो. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की कागद वाचल्यासारखा बोलतो. "मामाजी, आपल्या घरचं नेट व्हीपीएनमधून जातं. सुरक्षेसाठी मीच नेटच्या डब्यावर लावलंय. म्हणजे आपण अमरावतीत बसलोय, पण समोरच्याला दिसतं की आपण हॉलंडमधून आलोय."

"हॉलंड काहून? हॉलंडात आपलं कोन हाय?"

"कोणी नाही. तिथला पत्ता घेतो आपण. तो शेअर्ड आयपी असतो. एकाच पत्त्यावरून हजारो लोक बाहेर पडतात. त्यात कोणी चोऱ्या करणारे असले, दुसऱ्यांची खाती फोडणारे असले, की तो पत्ता बदनाम होतो. मग आपल्यासारख्या साध्या माणसालाही आत घेत नाहीत."

मला तेव्हा जो राग आला तो सांगता येत नाही. कोण कुठला लुच्चा, मी त्याचं तोंड पाहिलं नाही, त्याला मराठी येत असंल का नाही ते मालूम नाही, त्यानं कोणाच्या घरी हात मारला, आणि माझ्या बायकोचा आवाज मला मिळत नाही! मी जावयाला म्हटलं, "असा पत्ता घेताच काहून तुमी?"

"कारण गर्दीत मिसळून जाता येतं. कोणाला कळत नाही आपण कोण ते. तेच तर चांगलं आहे त्यात."

"लपाचं काय हाय? काय चोरलं तुमी?"

"बाबा!" लेक ओरडली. मग तिनं जावयाला आत पाठवलं आणि माझ्यासमोर खाली बसली, लहानपणी गिरणीत बसायची तशी. "बाबा, आपली चक्की समजा. सगळ्याइचे डबे, दगड एकच. कोनं तरी सडकी ज्वारी दळून गेला, अन् त्याच्यामागं तुमचा नंबर लागला."

"मंग तुही माय कुठी हाय तिथं?" मी म्हटलं. "डब्यात नाक घालाले कोन बसलं हाय तिथं?"

"कोनी नाई," ती म्हणाली.

तीच तर गोष्ट. माझ्या गिरणीत सगळ्यांचं एकत्र दळलं जायचं, पण दारात एक बाई होती. कोणाचा डबा कोणाच्या मागे आहे हे गल्लीला दिसत होतं. इथे आंधळी रांग. कोणी कोणाला पाहत नाही, आणि शिक्षा मात्र सगळ्यांना सारखी. याला हे लोक सुरक्षा म्हणतात.

जावयानं व्हीपीएन बंद केलं आणि परत टाकून पाहिलं. तर ते खातं अजून बिथरलं. आत्ता हॉलंडात होते, इतक्यात अमरावतीत कसे आले, म्हणून त्यानं दारच लावून घेतलं. काही दिवस थांबा म्हणे. जितक्या धडका माराल तितकं जास्त घट्ट होतं. ते दिवस मी कसे काढले ते लेकीला विचारा. मी जेवलो नाही असं नाही, पण प्रत्येक जेवणात खोट काढली. "हे पीठ कुठून आनलं? दगड गरम करून जाळलं हाय मेल्यानं."

"घरघंटीवर दळलं, बाबा. घरीच."

घरघंटी! ते कपाटासारखं यंत्र माझ्या धंद्याच्या मुळावर उठलं. गल्लीतल्या चांगल्या चांगल्या घरांनी ती घेतली आणि माझ्या बाकावरचे डबे कमी झाले. आणि ते माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात, वर फुलांचं कापड घालून लपवून ठेवलेलं. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. लेकही माझीच, ती गप्प बसली नाही. "तुमच्या जावयाचं पोट दुखते दुसऱ्याच्या उडदानं. आपलं यंत्र, आपलंच धान्य. त्यात चूक काय?"

थांबायचे दिवस संपले तेव्हा जावई नवीनच घेऊन आला. "मामाजी, मी व्हीपीएनचा स्टॅटिक पत्ता घेतलाय. तो फक्त आपलाच, दुसरं कोणी वापरत नाही. बदनाम व्हायचा प्रश्नच नाही."

"म्हंजे घरघंटी," मी म्हटलं.

"तसंच म्हणा."

पोरानं माझ्यासाठी घेतला होता, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. लेकीनं परत नाव टाकलं, शब्द टाकला, नंबर टाकला. आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. तेच उत्तर आलं. खात्री पटत नाही. जावयाचं तोंड उतरलं. नवा कोरा पत्ता होता, डाग नव्हता, पण त्याला कोणी ओळखतही नव्हतं. खात्यानं तो आधी कधी पाहिलाच नव्हता. डब्यावर डाग नाही म्हणून अनोळखी माणसाला कोणी घराच्या किल्ल्या देतं का? नाही देत. इथे त्या खात्याचं म्हणणं मला पहिल्यांदा पटलं, आणि म्हणून त्याचा अजून राग आला.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं ते लेकीनं वाचलं. जिथून तुम्ही नेहमी यायचे, त्याच जागेवरून येऊन पाहा.

"बाबा," ती एकदम म्हणाली, "गिरणीचं नेट चालू हाय ना? आईचा फोन त्याच्यावरच राहात होता. इतके साल एकच नंबर, कॅमेऱ्यासाठी घेतलेला. खात्याले तो ओळखीचा असंन."

महिना संपत आला होता. मी नेटवाल्याला फोन लावला.

"अरे, लाइन कापली का?"

"कापतोच ना काकाजी. उद्या डबा काढून घेतो म्हटलं. कपड्याच्या दुकानवाल्यानं कॅमेरे लावले, त्याले तुमचा नंबर देऊन टाकतो."

"हात लावशीन तं तंगडं तोडीन."

"बाप्पा! तुमीच तं म्हनले होते काकाजी, काप म्हनून."

"मंग आता मीच म्हनतो, कापू नोको. मी येऊन राहिलो. मी येईपर्यंत तो नंबर कोनाले देऊ नोको, आपल्या बापाले बी नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आणि लेक निघालो. जावई आमच्या मागे बसस्टँडपर्यंत आला, पाण्याची बाटली दिली, आणि दोनदा सांगितलं की फोनवर व्हीपीएन चालू करू नका, गिरणीच्या वायफायवरच जोडा, घाई करू नका, शब्द एकदाच नीट टाका. मूर्तिजापूर येईपर्यंत मी लेकीच्या हातांकडे पाहत होतो. तिच्या मांडीवर फोन होता आणि ती त्याला असा धरून बसली होती, जसं काही ते तान्हं लेकरू आहे. मला मनात एकच भीती. तो नेटवाला ऐकतो पण उलटं ऐकतो. कपड्याच्या दुकानवाल्याला नंबर देऊन टाकला असंल, तर माझी बायको आता साड्यांच्या गठ्ठ्यात जाऊन बसली. आता तिथे कोणी ओळख सांगायची?

गल्लीत शिरलो तसे लोक सुरू झाले. कसे आहात, वाळले किती, जेवले का. मी सरळ गिरणीकडे चालत राहिलो. नेटवाला गिरणीच्या दारातच उभा होता, दोन्ही हात खिशात घालून, म्हणजे मला दिसावं की त्यानं कशाला हात लावला नाही. "पाहा काकाजी, जसं होतं तसं हाय," तो म्हणाला. मी कुलूप काढलं. आत पीठ होतं तसंच, दगडावर, भिंतीवर, तिच्या बाकावर. कोपऱ्यात नेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. कॅमेराही चालूच होता, इतके दिवस रिकामी गिरणी लेकीला दाखवत. लेक म्हणाली, "मी रोज पाहात होती, बाबा." मला हे मालूमच नव्हतं.

ती बाकावर बसली. पीठ झटकलं नाही. फोन गिरणीच्या वायफायला जोडला, नाव टाकलं, शब्द टाकला, नंबर टाकला. नेटवाला माझ्या खांद्यावरून डोकावत होता, त्याला मी कोपरानं मागे ढकललं.

उघडलं.

एका शब्दाचीही कटकट केली नाही त्या खात्यानं. इतकी विचारपूस, इतका संशय, आणि गिरणीतून हाक मारली तर सरळ दार उघडलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला वाटलं कोणाच्या तरी कानाखाली द्यावी. अमरावतीत आम्ही खरंच बोलत होतो तर खोटे, आणि इथे तेच बोललो तर खरे!

लेकीनं एक बटण दाबलं. आधी मशीनचा घर्रघर्र आवाज आला. नुसता तोच. म्हटलं, गिरणीनं इथेही खाल्लं सगळं. मी फोन घेतला आणि चांगल्या कानाला लावला. आणि मग त्या घरघरीच्या वर, बारीक, चिडलेला, तिचा आवाज.

"मशिदीमागच्या चाचीचा कळणा, उडीद कमी. शिवणवालीचे गहू बारीक. अन् यायनं काल भगरीच्या आधी मशीन झाडली नाही, मी पाह्यलं. सांगतलं तं ऐकू आलं नाही म्हनते. नाटकं."

"कवा नाही झाडली?" मी ओरडलो. "झाडली होती! खोटं बोलते!"

लेक हसायला लागली, आणि हसता हसता बाकावर आडवी पडली, डोळ्यांवर हात घेऊन. मी तिच्याकडे पाहिलं नाही. फोनचा आवाज मोठा केला, अजून मोठा केला. फोनात ती पुढे बोलतच होती, कोणाचे डाळे, कोणाचं बेसन, कोण परवा येतो म्हणून अजून आला नाही.

दारात सावली पडली. चाची होती, तीच मशिदीमागची. डोक्यावरचा पदर घाईत घेतलेला, पायात चप्पल नाही. "आवाज सुनी मैं," ती म्हणाली. "मुझे लगा..." ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि ऐकत राहिली. तिचंच नाव परत आलं, उडीद कमी. चाचीनं मान हलवली. "कम ही डालना," ती फोनला म्हणाली. मग मला म्हणाली, "डब्बा लाती मैं."

"गिरणी बंद हाय," मी म्हटलं. "चालू नाही केली मी."

ती केव्हाच निघून गेली होती. नेटवाला विचारत होता, "काकाजी, मंग लाइनीचं काय करू?" मी त्याला हातानं गप्प केलं. लेक उठली होती, मशीनच्या पट्ट्यावरचं पीठ झाडत होती, न विचारता. चाची डबा घेऊन परत आली आणि तो बाकावर ठेवला. माझी बायको बसायची तिथेच. मी झाकण उघडून आत नाक घातलं. धान्य चांगलं होतं.

लेकीचा हात मशीनच्या बटणावर गेला. मशीन सुरू झाली की फोन ऐकू येणार नव्हता.

"थांब वं," मी म्हटलं. "आधी तुह्या मायचं बोलून होऊ दे."